फोर्ट ॲलन: आठवड्याभरात बांधलेला किल्ला कसा वाचायचा?

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगडी तट आणि बुरूज येतात. आज ज्या किल्ल्याबद्दल सांगणार आहे, तो पाइनच्या ओंडक्यांचा होता आणि आठवड्याभरात उभा राहिला होता. संशोधनाची तयारी करताना ‘साधनं वाचायची कशी’ हा प्रश्न तुम्हाला पडत असेल, तर हे उदाहरण कामी येईल.

आधी पार्श्वभूमी. जुलै १७५५ मध्ये उत्तर अमेरिकेत जनरल ब्रॅडॉकच्या ब्रिटिश फौजेचा फ्रेंच आणि त्यांच्या मूलनिवासी मित्रांनी पराभव केला. त्यानंतर लेनापे आणि शॉनी लोकांनी पेनसिल्वेनियाच्या सीमेवरच्या वसाहतींवर हल्ले सुरू केले. नोव्हेंबरमध्ये लीहाय नदीजवळची ग्नाडेनह्यूटन ही मोरेव्हियन मिशनची वस्ती जाळली गेली. मग वसाहत सरकारने ब्लू माउंटनच्या कडेने किल्ल्यांची साखळी उभारायला घेतली. जानेवारी १७५६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन माणसं घेऊन याच जागी आला आणि त्याने फोर्ट ॲलन बांधला.

फ्रँकलिनने आत्मचरित्रात याचे बारीक तपशील दिलेत. किल्ल्याचा परीघ ४५५ फूट. ओंडका साधारण फूटभर जाडीचा, म्हणजे तितकेच ओंडके लागणार. एका झाडातून १८ फुटांचे तीन ओंडके निघायचे आणि तीन फूट खोल चरात ते उभे केले जायचे. हिशेब करून बघा: साधारण दीडशे झाडं. चौदा इंच व्यासाचं एक झाड दोघांनी सहा मिनिटांत पाडलं, हे त्याने घड्याळ लावून पाहिलं होतं. एवढ्याशा कुंपणाला किल्ला म्हणायचं म्हणजे जरा जास्तच, असं तो स्वतःच गमतीने लिहितो.

इथे पहिला प्रश्न विचारा: हे कधी लिहिलंय? आत्मचरित्राचा हा भाग १७८८ चा, म्हणजे घटनेनंतर बत्तीस वर्षांनी लिहिलेला. म्हणून तो फेकून द्यायचा नाही; पण त्या वेळची पत्रं शेजारी ठेवूनच वाचायचा.

दुसरा प्रश्न: यात समोरची बाजू कुठे दिसते? फ्रँकलिनच्या माणसांना जवळच्या टेकड्यांवर काही खड्डे सापडले. सुमारे तीन फूट रुंद, त्याहून थोडे खोल, तळाशी कोळशाचा विस्तव. हल्लेखोर काठावर पडून पाय आत सोडून शेकत होते, आणि ना धूर दिसत होता ना उजेड. म्हणजे किल्ला बांधला जात असताना वरून त्याच्यावर नजर होती. लेनापेंचं लिखित साधन हाताशी नसलं, तरी त्यांची थंडीतली युक्ती आणि शिस्त शत्रूच्याच लिखाणात सापडते. फक्त तेवढ्यासाठी वाचायला हवं.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: ‘संरक्षण’ कशाचं? १७३७ मध्ये पेन कुटुंबाने एक जुना करार पुढे केला. दीड दिवसात माणूस चालेल तेवढी जमीन त्यांची, असा त्याचा अर्थ लावला. आधी वाट साफ करून ठेवली, भाड्याने चपळ माणसं आणली आणि सुमारे १,२०० चौरस मैल जमीन घेतली. लीहायचं खोरं त्यातलंच. १७५६ च्या ईस्टन परिषदेत लेनापे नेता टीडियुस्कुंग याने हीच फसवणूक उघड बोलून दाखवली. आता किल्ल्याचं नाव बघा: विल्यम ॲलन, वसाहतीचे मुख्य न्यायाधीश. त्यांनी पेन कुटुंबाकडून याच खोऱ्यात मोठ्या जमिनी घेतल्या होत्या.

याचा अर्थ वस्तीवरच्या बायकामुलांची भीती खोटी होती असा नाही. माणसं खरोखर मरत होती, आणि किल्ल्यांनीही ती नेहमी वाचली नाहीत: १७५६ च्या उन्हाळ्यात फोर्ट ग्रॅनव्हिल हल्लेखोरांनी जिंकून जाळला. पण ‘वसाहतकऱ्यांच्या संरक्षणासाठी बांधलेला’ एवढंच लिहून तुम्ही थांबलात, तर गोष्ट १७५५ मध्ये सुरू होते आणि लेनापे त्यात फक्त हल्लेखोर म्हणून येतात. तीच गोष्ट १७३७ पासून सांगा, तेच लोक जमीन गमावलेले शेजारी दिसतात.

तुमच्या प्रस्तावात ‘कालखंड’ असा एक रकाना असतो. तो भरताना सुरुवातीचं वर्ष तुम्ही का निवडलं, याचं कारण दोन ओळींत नक्की लिहा. कुणाची बाजू ऐकू येणार, हे बऱ्याचदा त्या एका आकड्यावर ठरतं.