बाबांच्या रिपोर्टमधला पीएसए

पुण्याहून बाबांच्या 'फुल बॉडी चेकअप'चा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो आणि एका ओळीपुढे ठळक अक्षरांत 'हाय' छापलेलं असतं: पीएसए ६.२. तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रसंग अनुभवला असेल. मी गेल्या वर्षी अनुभवला. रोज प्रयोगशाळेत प्रथिनंच मोजतो, तरी पोटात गोळा आला.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. थोडंसं रक्तात झिरपतं. कॅन्सरमध्ये जास्त झिरपतं, पण वयोमानाने ग्रंथी वाढली, लघवीला जंतुसंसर्ग झाला किंवा दोन दिवसांत बरीच सायकल चालवली, तरीही आकडा चढू शकतो. उलट फिनास्टेराइड काही महिने घेतल्यावर तो साधारण निम्म्यावर येतो. (केस गळू नयेत म्हणून हे औषध घेणाऱ्या मित्रांनो, डॉक्टरांना तसं सांगा!)

रात्री तीनदा उठावं लागणं, धार बारीक होणं, हे बहुतेकदा कॅन्सरमुळे नसतं. मूत्रनलिका ग्रंथीच्या मधून जाते. तिच्याभोवतीचा भाग फुगला की धार अडते. कॅन्सर मात्र बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. "त्रास नाही, मग कशाला तपासायचं?" हा बाबालोकांचा लाडका युक्तिवाद इथे लंगडा पडतो.

मग कधी विचारायचं? ब्रिटनमध्ये पन्नाशीनंतर लक्षणं नसतानाही जीपीशी बोलून ही तपासणी मागता येते. अमेरिकेत २०१८ च्या शिफारशीनुसार ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी चर्चा करून स्वतः ठरवायचं. वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल, तर पंचेचाळिशीतच विषय काढा. आईकडचंही विचारा: बीआरसीए२ जनुकातला दोष मावशीत स्तनाच्या कॅन्सरच्या रूपाने दिसू शकतो आणि भाच्यात प्रोस्टेटच्या.

'ठरवायचं' अशासाठी, की यातले बरेच कॅन्सर संथ असतात आणि शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा व लैंगिक क्षमता कमी होऊ शकते. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' चाचणीत ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेले १,६४३ पुरुष होते. शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं, काहीही केलं तरी १५ वर्षांत या कॅन्सरने दगावलेले सुमारे ३ टक्केच.

लघवीतून रक्त आलं किंवा हाडांचं दुखणं थांबेना, तर मात्र थांबू नका. लघवी पूर्ण अडली किंवा पाठदुखीसोबत पायांतली ताकद गेली, तर थेट इमर्जन्सीत.

बाबांना संसर्ग निघाला. औषधानंतर सहा आठवड्यांनी आकडा २.८. त्या फोनवर मी आजोबांबद्दल विचारलं. "लघवीचा त्रास होता, शेवटी कंबर धरली होती," एवढंच ते म्हणाले. माझी पंचेचाळिशी सात वर्षांवर आहे. कॅलेंडरमध्ये नोंद करून ठेवली आहे.