लॉजच्या खोलीत काही मोडले, तर भरपाई कोणी करायची?

सुगी आटोपली, धान्य घरात आले, की घरातल्या माणसांना प्रवासाचे वेध लागतात. कोणी जेजुरीला खंडोबाच्या दर्शनाला निघतो, तर कोणी कोल्हापूरला अंबाबाईची ओटी भरून पुढे गणपतीपुळ्याला उतरतो. पूर्वी पाहुण्यारावळ्यांकडे नाहीतर धर्मशाळेत पथारी टाकली की भागत असे. आता म्हातारी माणसे आणि लेकरे बरोबर असली की भक्तनिवास, लॉज किंवा कोकणातली घरगुती खोली भाड्याने घ्यावीच लागते.

खोली परक्याची आणि वस्तू आपल्या सवयीच्या नाहीत. मग नातवाचा धक्का लागून टीव्ही पडतो, हात धुण्याच्या बेसिनला तडा जातो, पांढऱ्याशुभ्र चादरीवर भंडारा सांडतो. निघताना व्यवस्थापक एक आकडा सांगतो. चार लोकांसमोर शोभा नको म्हणून घरचा कर्ता माणूस मुकाट्याने पैसे मोजतो, आणि परतीच्या प्रवासात घरात धुसफूस होते. काहीजण याच्या उलट करतात. डागावर पांघरूण टाकून पहाटेच निघून जातात, आणि मग बोल बसतो तो खोली झाडणाऱ्या गरीब पोराला. या दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. आपले देणे किती आणि कुठवर, हे आधीच ठाऊक असले तर दोन्हींची गरज पडत नाही.

तसे पाहिले तर याचा न्याय गावाला नवा नाही. लग्नकार्याला आपण गावकीची किंवा देवस्थानची भांडी आणतो. पातेली, ताटे, वगराळी मोजून घेतो आणि मोजूनच परत देतो. हरवले त्याचे पैसे भरतो, पण आधीपासून पोचा आलेल्या पातेल्याचे पैसे कोणी भरत नाही. एक ताट हरवले म्हणून दहा ताटांचे पैसेही कोणी मागत नाही. लॉजच्या खोलीचा हिशेब असाच आहे, आणि कायदाही त्याच वाटेने जातो.

चूक कोणाची, ते आधी पाहा

आपल्या किंवा आपल्याबरोबरच्या माणसाच्या निष्काळजीपणाने वस्तू मोडली, तर भरपाई आपण करायची. ‘मुद्दाम केले नाही’ एवढ्याने देणे टळत नाही. खोली ज्याच्या नावावर घेतली, त्यालाच व्यवस्थापक विचारणार. पोराने मोडले तरी मोठ्यांनी त्याच्याकडे लक्ष ठेवायला हवे होते, असेच धरले जाते.

वस्तूच मुळात खिळखिळी असेल, तर गोष्ट वेगळी. आजी खाटेवर नीट बसल्या आणि किडलेला पाय मोडला, किंवा जुन्या वायरीमुळे गीझर जळाला, तर ते मालकाचे नुकसान. खाट मोडून आजींना इजा झाली, तर दवाखान्याचा खर्च आपणच मालकाकडे मागू शकतो. रोजच्या वापराने विरलेली चादर, सैल झालेली कडी, गळका नळ यांचा भारही मालकावरच. चूक दोघांची असेल, तर बोलून वाटणी करावी.

‘कोणत्याही नुकसानीस मालक जबाबदार नाही’ अशी पाटी अनेक ठिकाणी असते. तिला भिऊन गप्प बसू नये. १९९८ साली दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात एका गिऱ्हाइकाने मोटारीची किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि मोटार चोरीला गेली. मोटार ठेवणाऱ्याने स्वतःच्या जोखमीवर ठेवावी, असे चिठ्ठीवर छापलेले होते. तरीही स्वतःच्या निष्काळजीपणावर हॉटेलला अशा मजकुराचे पांघरूण घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले.

किती द्यायचे?

भरपाई म्हणजे झालेले नुकसान भरून देणे. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याचे कलम ७३ सांगते की, करार मोडल्यामुळे जे नुकसान साहजिकच होते त्याची भरपाई मिळते, दूरान्वयाने होणाऱ्या नुकसानीची मिळत नाही. गादी वाळवायला खोली एक दिवस बंद ठेवावी लागली, तर त्या दिवसाचे भाडे मागणे समजण्यासारखे आहे. पण ‘तुमच्यामुळे माझी कायमची गिऱ्हाइके तुटली’ म्हणून पैसे मागणे टिकणार नाही.

‘चादरीला डाग पडल्यास २,००० रुपये दंड’ असे लिहिलेल्या कागदावर आपण सही केली असली तर? त्याच कायद्याचे कलम ७४ पाहावे. करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती लिहिलेल्या रकमेहून जास्त असू शकत नाही. म्हणजे तो आकडा ही वरची मर्यादा झाली. समजा, ६०० रुपयांची चादर दोन वर्षे वापरात आहे. डाग धुऊन निघत असेल, तर धुलाईचे पैसे द्यावेत. निघतच नसेल, तर जुन्या चादरीची आजची किंमत द्यावी. जुना बैल दगावला तर कोणी खोंडाची किंमत मागत नाही.

भांडण होऊ नये म्हणून

किल्ली हाती आली की सामान टाकण्याआधी खोली नीट पाहावी. दिवे, पंखा, नळ, आरसा, टीव्ही, चादरी, खाटेचे पाय बघावेत. काही मोडके दिसले तर तिथल्या तिथे व्यवस्थापकाला दाखवावे आणि घरातल्या पोरापोरींना मोबाईलवर फोटो काढायला सांगावे. अनामत रक्कम दिली असेल तर पावती घ्यावी. आधारकार्डाची झेरॉक्स द्यावी, मूळ कार्ड ठेवून येऊ नये.

कमोडवर पाय ठेवून उकिडवे बसू नये. भांडे फुटले तर भरपाई राहिली बाजूला, चिनीमातीची फुटकी कड सुरीसारखी कापते. बेसिनवर पाय ठेवून धुऊ नयेत. पाणी तापवायचा रॉड किंवा शेगडी खोलीत लावू नये. आग लागली तर दोष उघडउघड आपला ठरेल. मालकाचा विमा असला तरी विमा कंपनी त्याला पैसे देऊन नंतर ते निष्काळजी गिऱ्हाइकाकडे मागू शकते.

जेजुरीहून येणाऱ्यांनी भंडाऱ्याचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि खाटेवर आपली सतरंजी अंथरावी. हळदीच्या डागाला घाईने साबण लावू नये, डाग लाल होतो. चादर झटकून व्यवस्थापकाला सांगावे. हळदीचा डाग धुऊन कडक उन्हात टाकला की बराच फिका पडतो.

गावची मंडळी वर्गणी काढून बस करून जाणार असतील, तर एका खोलीतल्या नुकसानीचे पैसे सगळ्यांच्या अनामतीतून जायचे की त्या खोलीतल्यांनी भरायचे, हे गाव सोडण्याआधीच ठरवावे.

तरीही अडवणूक झाली तर

वस्तू मोडली की आपण होऊन सांगावे. प्रामाणिक माणसाशी व्यवस्थापकही सहसा नीट वागतो. आकडा फार वाटला तर वस्तू केव्हा घेतली आणि किती किमतीची, ते विचारावे. पैसे दिले तर कशाबद्दल दिले ते लिहिलेली पावती मागावी. कोणी पोलिसांची भीती घातली तर घाबरू नये. नुकसान करण्याचा गुन्हा ठरायला तसा हेतू, किंवा नुकसान होणार याची जाणीव असावी लागते. हातून चुकून ग्लास फुटणे हा गुन्हा नव्हे, तो पैशाच्या हिशेबाचा प्रश्न आहे.

गावी परतल्यावर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, लॉज दूरच्या गावी असले तरी तिथे खेटे घालावे लागत नाहीत. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. खोलीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र पावती आणि फोटो जपून ठेवलेले असावेत.

तेव्हा यंदा यात्रेची पिशवी भरताना घरातल्या सगळ्यांना जवळ बसवून एवढे सांगून ठेवा: खोली मोजून घ्यायची, जपून वापरायची, मोजून परत द्यायची. आपल्या हातून मोडले त्याची वाजवी किंमत ताठ मानेने द्यायची, आणि आपण मोडले नाही त्याचा एक रुपयाही द्यायचा नाही.