रानातील गाणे आणि कामगाराचा कान

पक्ष्यांच्या गाण्यावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे आपणांस वाटले असेल. माझी शाळा पॉवर प्रेसच्या खात्यातली. पुस्तके पुढे हाती आली. परंतु या विषयाशी माझा संबंध आहे.

आपले स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असते. पक्ष्याचे मात्र ती नलिका दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे, खाली असते. त्याच्या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे चालू शकतात. म्हणून कित्येक पक्षी एकाच वेळी दोन स्वर काढतात. हे गाणे आपल्या करमणुकीसाठी नसते. विणीच्या दिवसांत नर मादीला बोलावतो आणि इतर नरांना बजावतो, की ही जागा माझी. कवी कोकिळेला गायला लावतात. प्रत्यक्षात 'कुहू' हा नराचा स्वर!

पावशा 'पेर्ते व्हा' म्हणतो, तोही स्वतःच्या विणीसाठीच. त्याची वीण आणि मृग जवळजवळ येतात, एवढेच. तरीही त्याची हाक ऐकली की माझे वडील तिफण दुरुस्तीला काढीत.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त सहकाऱ्याबरोबर मी पहाटे गौताळ्याच्या रानात गेलो होतो. वारा पडलेला, सारे स्वच्छ ऐकू येत होते. पळसावर शिंजीर गात होता. "अण्णा, ऐकलंत का?" मी विचारले. "कुठंय रे?" ते म्हणाले. पावशा त्यांना ऐकू आला, शिंजीर नाही.

याचे कारण असे. यंत्रांच्या दणक्याने सगळे स्वर एकदम जात नाहीत. प्रथम जातात ते सेकंदाला ४,००० कंपनांच्या आसपासचे, आणि पुष्कळ रानपक्ष्यांचे गाणे नेमके याच पट्ट्यात असते. कोकिळाचा स्वर बराच खालचा, म्हणून तो ऐकू येत राहतो आणि माणसाला वाटते, आपले कान शाबूत आहेत. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा कारखाना-नियमांत घातली गेली. पण आमच्या खात्यात आवाज कधी कुणी मोजलाच नाही. कानात घालायची बोंडे आम्हीही खिशातच ठेवली. असा गेलेला कान परत येत नाही.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. येत्या रविवारी घरच्या कर्त्या माणसाला घेऊन पहाटे हिमायतबागेत जा. बारीक शीळ मुलांना ऐकू आली आणि त्यांना आली नाही, तर सोमवारी त्यांचे कान तपासून घ्या. आणि त्यांच्या खात्यात अजून तरुण पोरे असतील, तर तिथला आवाज मोजून मागा.