हरणं कुणी संपवली? पारध्यावरचा जुना आळ

मार्च २०२४ मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात पहाटे बिबट्या शिरला. कामगार बाहेर आणि बिबट्या आत, अशी काही तास धाकधूक चालली. मग वनखात्याच्या पथकानं त्याला भूल देऊन पकडलं. असं काही घडलं की चहाच्या टपरीवरचं निदान ठरलेलं असतं. जंगलात हरणं राहिली नाहीत, म्हणून बिबटे खाली उतरले. आणि हरणं का राहिली नाहीत? पारध्यांनी खाल्ली.

या निदानात दोन गैरसमज उघड आहेत आणि तिसरा दडलेला: हरणाचं घर जंगलात असतं, हा.

दडलेला आधी. मराठीत आपण सरसकट 'हरीण' म्हणतो, पण सांबर, चितळ, भेकर वेगळे आणि काळवीट, चिंकारा वेगळे. पहिल्या तिघांच्या नरांची शिंगं फाटे फुटलेली असतात, ती गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट-चिंकाऱ्याच्या शिंगांना फाटे नसतात आणि ती जन्मभर टिकतात. पहिले झाडीत दबकून राहणारे, दुसरे उघड्या माळावर लांबून शत्रू हेरून धूम ठोकणारे. खेड तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचं जंगल आहे, तिथं भेकर आणि सांबर आहेत. चाकणहून पूर्वेला शिरूर, दौंड, बारामती, इंदापूरकडे निघालं की पाऊस कमी होत जातो आणि चिंकाऱ्याचा मुलूख सुरू होतो. त्याला दाट जंगलात नेऊन सोडलं तर त्याची नजर आणि त्याचे पाय, दोन्ही वाया जातील.

आता बिबट्या. अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेतून त्यांचा आहार तपासला. खाल्लेल्या मांसापैकी वजनानं ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावठी जनावरांचा निघाला, त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. म्हणजे हरणावाचून बिबट्याचं काही अडत नाही. धरणांचे कालवे आले, जुन्नर-आंबेगाव-खेडच्या शिवारात ऊस उभा राहिला आणि मादी त्यातच पिलं घालू लागली. ऊसतोडीच्या वेळी फडात सापडणारी पिलं जंगलातून उतरलेली नसतात, ती तिथंच जन्मलेली असतात. बाकीची सोय हॉटेलांच्या, चिकनच्या दुकानांच्या आणि पोल्ट्रीच्या उकिरड्यांनी केली. त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबट्या. हरणं घटल्याचा फटका ज्या शिकाऱ्याला सर्वांत कमी बसला, त्याच्याच नावानं आपण गळा काढतो.

फटका खरा बसला तो लांडग्याला. तो माळाचा प्राणी, चिंकाऱ्याचा जुना शेजारी. हरीण मिळेनासं झालं की तो धनगराच्या वाड्याभोवती घोटाळतो, कोकरू उचलतो आणि शिव्या खातो. त्यातच मोकाट कुत्र्यांची गाठ पडली. ही कुत्री चिंकाऱ्याची पाडसं फाडतात, लांडग्यांना रोग देतात आणि त्यांच्याशी जोड्याही जमवतात. पुण्याजवळच्या माळावर दिसलेल्या एका पिवळट जनावराच्या जनुकांची तपासणी झाली, तेव्हा ते लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचं निघालं. ते संशोधन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

राहिला पारधी. फासेपारध्याची शिकार म्हणजे कळप ज्या वाटेनं पळणार ती आधी ओळखायची, तिच्यावर फासांची ओळ मांडायची आणि उलट्या बाजूनं हाका घालायचा. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशानं सावजाजवळ सरकायचे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला, तेव्हा एक चोख वाटणी त्यांच्या ध्यानात आली. काळवीट आणि पाखरं फासेपारध्यांची. घोरपड, साळिंदर, रानडुक्कर कुत्र्यांच्या साह्यानं धरणारे नंदीवाले. मुंगूस, रानमांजर, कासव, खेकडे वैदूंचे. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं, अशी पारध्यांची जुनी रीत होती, हेही त्यांनी नोंदवलं. ती रीत पुढे सुटली हे खरं. पण ज्याचं उद्याचं पोट त्याच कळपावर आहे, तो सगळा कळप एका हंगामात का मारील?

कळप मारले ते जीप, सर्चलाइट आणि बंदूक यांनी. स्वातंत्र्यानंतर पीकरक्षणाच्या नावाखाली बंदुकीचे परवाने निघाले. रात्री माळावर गाडी घालायची, झोतात दिपलेलं जनावर टिपायचं, असा हा हौशी खेळ होता. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला वेसण घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेही गेले. काळवीट, चिंकारा आज पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकार सिद्ध झाली तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद. जीपवाल्याची हौस गेली, पारध्याचा धंदा गेला. त्याच्या जागी दुसरं काय, याचं उत्तर कायद्यात नव्हतं. वर १८७१ च्या कायद्यानं कपाळी मारलेला 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का होताच. तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, चौकीवरच्या नजरेतून नाही. पिंपरी-चिंचवडला ही गोष्ट परकी नाही. पद्मश्री गिरीश प्रभुणे यांनी उभारलेल्या चिंचवडगावातल्या गुरुकुलात पारध्यांची आणि इतर भटक्यांची मुलं शिकतात.

बंदुका थांबल्या, तरी कळप सगळीकडे भरले नाहीत, कारण तोवर माळच आटत चालले होते. महसुलाच्या भाषेत माळ म्हणजे 'पडीक'. पडीक जमिनीवर वसाहत आली, प्लॉटिंग आलं, कालव्याचं पाणी आलं, की आपण त्याला जमिनीचं सोनं झालं म्हणतो. चाकणच्या पट्ट्यातल्या कित्येक घरांचं तसं सोनं झालंही, ते नाकारण्यात अर्थ नाही. गंमत पुढे आहे. निसर्गाचं देणं फेडावं म्हणून उरलेल्या माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावली जाते. फलकावर 'हरित' लिहितात आणि खालचं गवत सावलीनं मरतं. चिंकाऱ्याच्या दृष्टीनं कारखाना आणि असली लागवड यांत फार फरक नाही.

मग अमेरिकेसारखी शिकार खुली करा, असाही एक सल्ला मिळतो. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण १९०० च्या सुमारास जेमतेम ५ लाख उरलं होतं, पुढे ते ३ कोटींच्या घरात गेलं. शिकारीवर कडक हंगाम लागले आणि १९३७ च्या कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. पण ते हरीण परसातली झुडपंही खातं आणि बहुधा जुळी घालतं. आपल्या चिंकारा मादीला सहसा एकच पाडस होतं आणि परसात तर ती येतच नाही. शिवाय हरणं सगळीकडे सारखी घटलेली नाहीत. कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर. तिथून बाहेर चरायला निघणाऱ्या काळविटांबद्दल आसपासचे शेतकरी वैतागलेले असतात, आणि त्यांचा वैताग रास्त आहे.

चाकणकराला चिंकारा पाहायचा तर शिक्रापूर, न्हावरे, चौफुला करत सुपे गाठावं. तिथलं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चं, ५.१४ चौरस किलोमीटरचं. नाव शेजारच्या मोरगावच्या गणपतीवरून. उन्हं चढायच्या आत जावं. बोरी-बाभळींच्या मधल्या पिवळ्या गवतात प्रथम काहीच दिसत नाही. मग काळी शेपटी वळवळते, नाकातून शिंकेसारखा आवाज येतो आणि दोन-तीन चिंकारे उड्या घेत निघतात, कधी अभयारण्याची हद्द ओलांडून पलीकडच्या खाजगी पडीक रानात. तिथं अजून गवत आहे.