एक पुस्तक आणि त्यानंतरचे मौन

जिजाऊंचे माहेर बुलढाणा जिल्ह्यातले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. दर वर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजाकडे लोटणारा जनसमुदाय त्याची साक्ष देतो. परंतु याच जिल्ह्याने मराठी गद्याला एक निर्भीड लेखिका दिली आणि तिच्या नावावर एकच पुस्तक राहिले, याची आठवण आपल्यापैकी किती जणांना असते? ताराबाई शिंदे यांची ही कथा केवळ वाङ्मयेतिहासाची नाही. टीकेशी आणि गप्प झालेल्या माणसाशी समाज कसा वागतो, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक विचारांचे होते. मुलींच्या शाळा दुर्मिळ असण्याच्या काळात त्यांनी लेकीला शिकविले. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, आपल्या नवजात अपत्याची हत्या केल्यावरून, फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणाचे निमित्त करून ‘पुणे वैभव’ पत्राने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे ओढले. त्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात तिच्या ५०० प्रती निघाल्या. किंमत नऊ आणे. जो दोष स्त्रीच्या माथी मारला जातो, तो पुरुषाच्या ठिकाणी नसतो काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. घराच्या चार भिंतींत कोंडलेल्या बाईचे हे पहिलेच लेखन आहे, हेही त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकले होते.

पुस्तकाचे स्वागत उपहासाने झाले. प्रतिपक्षाने तसे करावे यात नवल नव्हते. खेद याचा की, नाके मुरडणाऱ्यांत समतेचा उच्चार करणारी सुधारक मंडळीही होती. महात्मा फुले मात्र स्वस्थ बसले नाहीत. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख कन्येच्या मायेने केला, त्यांची बाजू उचलून धरली आणि टीकाकार सहकाऱ्यांचेही कान उपटले. तथापि तोवर तीन वर्षे लोटली होती. पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत. मधली ९३ वर्षे मराठी वाचक त्या प्रश्नाला मुकला.

त्याच १८८५ साली दुसरा एक प्रसंग घडला. न्यायमूर्ती रानडे यांनी फुल्यांना पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले. फुल्यांनी ते नाकारले आणि नकाराची कारणे पत्राने कळविली. जे सर्वांचे मानवी हक्क मनापासून मानीत नाहीत त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. सभा पार पडली. परंतु आज त्या सभेतील भाषणांपेक्षा न आलेल्या माणसाचे पत्रच अधिक वाचले जाते.

हे दोन्ही प्रसंग एकत्र ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कठोर टीका हा दोष नव्हे. ताराबाईंची भाषा तिखट होती, फुल्यांची त्याहून तिखट. परंतु दोघांनीही मुद्दा मांडला, कारणे दिली आणि खाली आपले नाव घातले. ज्या टीकेला उत्तर देता येते, तिने वाद पुढे सरकतो. हसून उडविलेल्या माणसाने मात्र उत्तर द्यावे तरी कशाला? दुसरे असे की, फुल्यांना गैरहजर राहूनही आवाज होता. त्यांच्यामागे चळवळ होती, पत्र छापणारे होते. बुलढाण्यातील एकाकी स्त्रीच्या मागे कोण होते? एकच नापसंती दोघांवर सारख्या वजनाने पडत नाही, हे आपण सहसा विसरतो.

आपल्या शिक्षकखोलीत, कचेरीत, वाचनालयाच्या कार्यकारिणीत, फार काय मोबाइलवरच्या गटातही हेच घडते. नवखा कोणी सूचना मांडतो, कोपऱ्यातून कुजबुज होते, दोघे हसतात, बाकीचे खाली पाहतात. पुढच्या सभेला तो येत नाही आणि इतिवृत्तात केवळ ‘अनुपस्थित’ अशी नोंद होते. त्याला टीका सहन झाली नाही, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. कधी तो निकाल खराही असेल. परंतु विचारल्यावाचून तो देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यावर उपाय अवघड नाहीत. टीका करावी ती समोर, नावानिशी आणि मुद्द्यावर. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याने नवख्याच्या बाजूने बोलावयाचे असेल तर ते वेळेवर बोलावे. तीन वर्षांनी नव्हे, त्याच सभेत. आणि कोणी निघून गेलाच, तर एकाने तरी त्याच्या घरी जाऊन कारण विचारावे. त्याचे म्हणणे मान्य करण्याची सक्ती नाही. ऐकून घेण्याची मात्र आहे.

समाजाची परीक्षा तो आपल्या वक्त्यांना किती टाळ्या देतो यावर होत नाही. गप्प झालेल्यांची तो किती चौकशी करतो, यावर होते. ताराबाईंच्या बाबतीत ती चौकशी आपण ९३ वर्षांनी केली. आज शेजारच्या खुर्चीवरून उठून गेलेल्या माणसाची चौकशी करावयास मात्र उद्याचा दिवस पुरेसा आहे.