मेमरीच्या हिशेबालाही मेमरी

सातबाऱ्यांचं दप्तर ठेवायलाही गावातलीच जमीन लागते. संगणकाच्या मेमरीचं अगदी तसंच आहे. प्रोग्रॅम वापरतो तो पत्ता आभासी असतो; खरी जागा प्रोसेसर ‘पेज टेबल’मध्ये शोधतो. 4 केबीच्या प्रत्येक पानामागे तिथे 8 बाइटची एक नोंद असते. 48 बिटांच्या पत्त्यांसाठी असं सलग टेबल मांडलं, तर नोंदींनाच 512 जीबी लागतील, तेही प्रत्येक प्रोग्रॅममागे! म्हणून टेबल चार पातळ्यांत विभागतात आणि जेवढा भाग वापरात असेल तेवढाच बांधतात.

व्हर्च्युअल मशीनमध्ये हा कारभार दुहेरी होतो. आतली ‘गेस्ट’ सिस्टिम ज्या मेमरीला खरी समजते, तीही यजमान संगणकाने, म्हणजे होस्टने, दाखवलेली असते. पूर्वी दोन्ही रूपांतरं एकत्र करून होस्ट वेगळं ‘शॅडो’ टेबल चालवायचा आणि गेस्टने आपल्या टेबलात काही बदललं की ते जुळवत बसायचा. एएमडीने 2007 मध्ये आणि इंटेलने 2008 मध्ये दुसरं रूपांतरही प्रोसेसरकडे सोपवलं. मात्र चार वाचनांत होणारा शोध त्यामुळे चोवीस वाचनांपर्यंत जाऊ शकतो.

खरी कसोटी नवी पानं मिळवताना लागते. 2007 मध्येच लिनक्स कर्नलमध्ये आलेलं, व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम पाहा. गेस्टने अजून न जोडलेल्या जागेला हात लावला की केव्हीएमला नोंद करावी लागते, आणि मधल्या पातळ्या नसतील तर त्याही बांधाव्या लागतात. हे काम कुलूप लावूनच करायचं, नाहीतर दुसरा प्रोसेसर त्याच वेळी तिथे खाडाखोड करेल. पण हे कुलूप हातात असताना थांबायची मुभा नाही, आणि मेमरी मागितली की कर्नल कधीकधी थांबायला लावतो. आधी कुणाची तरी पानं डिस्कवर हलवावी लागतात.

यावरची युक्ती मला फार आवडते. कुलूप लावण्याआधीच केव्हीएम प्रत्येक आभासी प्रोसेसरची छोटी शिल्लक भरून घेतं. एका खेपेला जास्तीत जास्त किती पानं लागतील, हे पातळ्यांवरून ठाऊकच असतं. शिल्लक भरता आली नाही, तर टेबलाला हात न लावताच माघार. अर्धवट बांधलेलं काही मागे उरत नाही.

खर्च कमी करायचा, तर पानंच मोठी घ्यावीत. 1 जीबीला 4 केबीच्या पानांनी शेवटच्या पातळीवर 2 एमबीच्या नोंदी लागतात. 2 एमबीच्या पानांनी फक्त 4 केबीच्या. त्यासाठी मात्र होस्टकडे सलग 2 एमबी मोकळी जागा हवी, आणि बरेच दिवस चालू असलेल्या सर्व्हरवर नेमकी तीच चटकन सापडत नाही.