क्लाउड परिचालन

क्लाउड परिचालन म्हणजे एखाद्या संस्थेची व्यावसायिक उपयोजने आणि सेवा स्वतःच्या यंत्रसामग्रीऐवजी आंतरजालावरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकीय साधनांवर अखंड, सुरक्षित आणि परवडणाऱ्या खर्चात चालवण्याची कार्यपद्धती होय. क्षमतेचे नियोजन, बिघाडातून सावरण्याची तयारी, प्रवेशाधिकारांचे व्यवस्थापन, देखरेख, खर्चनियंत्रण आणि कायदेशीर अटींचे पालन ही तिची प्रमुख अंगे आहेत. क्लाउड संगणनाला मराठीत मेघ संगणन असेही म्हणतात. या पद्धतीत यंत्रांची मालकी पुरवठादाराकडे असते. मात्र उपयोजन चालू ठेवण्याची आणि त्यातील विदा, अर्थात डेटा, सांभाळण्याची जबाबदारी बऱ्याच अंशी वापरणाऱ्या संस्थेकडेच राहते.

पार्श्वभूमी

अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीने मार्च २००६ मध्ये एस-३ ही साठवण सेवा आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-२ ही भाड्याच्या सर्व्हरची सेवा सुरू केली. गूगलने २००८ मध्ये अ‍ॅप इंजिन सादर केले, तर मायक्रोसॉफ्टची अ‍ॅझ्युर सेवा फेब्रुवारी २०१० मध्ये सर्वांसाठी खुली झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउड संगणनाची व्याख्या प्रसिद्ध केली. मागणीनुसार स्वयंसेवा, जाळ्यावरून सर्वत्र उपलब्धता, साधनांचा सामायिक साठा, जलद लवचीकता आणि मोजून दिली जाणारी सेवा अशी पाच लक्षणे या व्याख्येत दिली आहेत.

यांपैकी शेवटच्या दोन लक्षणांमुळे परिचालनाचे स्वरूप बदलले. पूर्वी वर्षातील सर्वाधिक गर्दीचा अंदाज बांधून सर्व्हर विकत घेतले जात आणि उरलेला काळ त्यांची क्षमता पडून राहत असे. क्लाउडमध्ये क्षमता काही मिनिटांत वाढवता व कमी करता येते. परंतु ती कमी करण्यास कोणी विसरले, तर त्याचे देयकही प्रत्येक तासाला वाढत जाते.

जबाबदारीची विभागणी

पुरवठादार आणि ग्राहक यांच्यातील कामाच्या वाटणीला सामायिक जबाबदारीचे प्रारूप म्हणतात. ही वाटणी सेवेच्या प्रकारानुसार बदलते. पायाभूत सुविधा सेवेत पुरवठादार इमारत, वीज, जाळे आणि यंत्रे सांभाळतो. कार्यप्रणाली अद्ययावत ठेवण्यापासून पुढचे सर्व काम ग्राहकाचे असते. मंच सेवेत कार्यप्रणालीही पुरवठादाराकडे जाते आणि ग्राहक फक्त आपले उपयोजन व विदा पाहतो. तयार आज्ञावली सेवेत उपयोजनही पुरवठादाराचे असते. तिन्ही प्रकारांत कोणाला कशात प्रवेश द्यायचा हा निर्णय आणि विदेची जबाबदारी ग्राहकाकडे राहते.

या सीमारेषेचे महत्त्व २०१९ मधील कॅपिटल वन या अमेरिकी बँकेच्या प्रकरणातून स्पष्ट झाले. बँकेच्या क्लाउडवरील एका संरक्षक भिंतीची मांडणी सदोष होती. त्यातून शिरलेल्या व्यक्तीला अमेरिकेतील सुमारे १० कोटी आणि कॅनडातील सुमारे ६० लाख लोकांची माहिती मिळाली. पुढील वर्षी अमेरिकेतील बँक नियंत्रकाने ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. तो क्लाउड पुरवठादाराला नव्हे, तर बँकेला.

उपलब्धता आणि बिघाडाची तयारी

मोठे पुरवठादार आपली विदा केंद्रे भौगोलिक क्षेत्रांत विभागतात. प्रत्येक क्षेत्रात सामान्यतः एकाहून अधिक उपलब्धता विभाग असतात आणि त्यांची वीज, शीतकरण व जाळे वेगवेगळे ठेवलेले असते. उपयोजनाच्या प्रती दोन किंवा अधिक विभागांत चालवल्यास एका विभागातील बिघाडाने सेवा थांबत नाही. मात्र ही व्यवस्था आपोआप होत नाही. एकाच सर्व्हरवर ठेवलेले उपयोजन क्लाउडमध्येही एका सर्व्हरइतकेच भरवशाचे असते.

सेवा हमी करारातील टक्केवारीचा अर्थ वेळेत पाहिल्यास अधिक स्पष्ट होतो. ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे सुमारे ४३ मिनिटांचा खंड, तर ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे सव्वाचार मिनिटांचा खंड. परस्परांवर अवलंबून असलेल्या घटकांची उपलब्धता गुणाकाराने घटते. प्रत्येकी ९९.९ टक्के उपलब्ध असलेले पाच घटक साखळीने जोडले, तर संपूर्ण सेवेची उपलब्धता सुमारे ९९.५ टक्के उरते, म्हणजे महिन्याला साडेतीन तासांहून अधिक खंड संभवतो. शिवाय हमी मोडल्यास मिळणारी भरपाई बहुधा पुढील देयकातील सवलतीच्या रूपात असते; बुडालेल्या व्यवसायाची भरपाई सहसा मिळत नाही.

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया क्षेत्रात एस-३ सेवा सुमारे चार तास विस्कळीत झाली. देयक प्रणालीतील दोष शोधताना एक आज्ञा चुकीच्या तपशिलासह दिली गेली आणि ठरल्यापेक्षा बरेच अधिक सर्व्हर बंद झाले. कंपनीचा स्वतःचा सेवास्थिती फलकही एस-३ वर अवलंबून असल्यामुळे काही काळ त्यावर बिघाडाची नोंद करता आली नाही. बिघाड कळवणारी यंत्रणा ज्या सेवेवर लक्ष ठेवते त्याच सेवेवर अवलंबून असू नये, हा नियम अशा अनुभवांतून दृढ झाला.

नेटफ्लिक्स या चित्रपट सेवेने ऑगस्ट २००८ मध्ये विदागारातील बिघाडामुळे तीन दिवस डीव्हीडी पाठवता न आल्यानंतर क्लाउडकडे जाण्याचा निर्णय घेतला. हे स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले. जुनी रचना जशीच्या तशी न हलवता कंपनीने तिची लहान, स्वतंत्र सेवांमध्ये पुनर्रचना केली. चालू सर्व्हर मुद्दाम व यादृच्छिक रीतीने बंद पाडणारी केऑस मंकी ही आज्ञावलीही तिने तयार केली. कामाच्या वेळेत, कर्मचारी हजर असताना बिघाड घडवून आणल्यास उणिवा आधीच उघड होतात, असा त्यामागील विचार होता.

विदेच्या प्रती आणि पुनर्प्राप्ती

पुनर्प्राप्तीचे नियोजन दोन प्रश्नांवर आधारलेले असते: सेवा किती वेळात पूर्ववत झाली पाहिजे, आणि किती वेळाची विदा गमावणे चालू शकेल. रोज मध्यरात्री प्रत घेणाऱ्या संस्थेचे विदागार सकाळी ११ वाजता नष्ट झाल्यास ११ तासांचे व्यवहार हातचे जातात. हे नुकसान सोसवणारे नसेल, तर प्रती अधिक वेळा घ्याव्या लागतात किंवा विदागाराची सतत अद्ययावत होणारी जोडप्रत दुसरीकडे ठेवावी लागते. मात्र जोडप्रत हा सुरक्षित प्रतीला पर्याय नाही, कारण चुकून पुसलेली नोंद जोडप्रतीतूनही काही क्षणांत पुसली जाते.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या एका विदा केंद्राची इमारत आगीत पूर्णपणे नष्ट झाली. ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच ठिकाणी होत्या, त्यांच्यापैकी काहींची मूळ विदा आणि प्रती दोन्ही गेल्या. मे २०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातील निवृत्तिवेतन निधीचा गूगल क्लाउडवरील खाजगी क्लाउड नाहीसा झाला. तो उभारताना पुरवठादाराकडून एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे त्याला एक वर्षाची मुदत लागली आणि मुदत संपताच तो आपोआप पुसला गेला. निधीच्या सहा लाखांहून अधिक सभासदांना अनेक दिवस आपली खाती पाहता आली नाहीत. निधीने दुसऱ्या पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या आणि सेवा पूर्ववत करताना त्या उपयोगी पडल्या.

या कारणांमुळे किमान एक प्रत वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या प्रवेशाधिकारांखाली ठेवणे आवश्यक मानले जाते. प्रतीवरून सेवा प्रत्यक्ष उभी करून पाहण्याचा सरावही ठरावीक काळाने केला जातो.

देखरेख आणि बदलांचे व्यवस्थापन

सर्व्हर चालू आहे की नाही एवढे पाहणे पुरेसे नसते. ग्राहकाची मागणी नोंदवली गेली का, किती वेळात आणि किती वेळा त्रुटी आली, या गोष्टी मोजल्या जातात. गूगलने रूढ केलेल्या पद्धतीत सेवेसाठी उद्दिष्ट ठरवून उरलेल्या अंशाला त्रुटींचा अर्थसंकल्प मानतात. तो शिल्लक असेपर्यंत नवे बदल वेगाने केले जातात. तो संपला की स्थैर्याच्या कामाला प्राधान्य मिळते.

सर्व्हर, जाळे आणि अधिकार यांची मांडणी हाताने न करता लिखित आज्ञावलीच्या स्वरूपात ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे. त्यामुळे प्रत्येक बदलाची नोंद राहते, बदल इतरांना तपासता येतो आणि गरज पडल्यास तीच रचना दुसऱ्या क्षेत्रात पुन्हा उभारता येते.

खर्चनियंत्रण

क्लाउडचे देयक मुख्यतः संगणन, साठवण आणि बाहेर जाणारी विदा यांवर आकारले जाते. सतत लागणारी क्षमता एक किंवा तीन वर्षांच्या वचनबद्धतेवर घेतल्यास दर कमी पडतो. पुरवठादाराकडील शिल्लक क्षमता आणखी स्वस्तात मिळते, पण ती परत घेतली जाऊ शकते. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत त्याची सूचना दोन मिनिटे आधी मिळते. त्यामुळे मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येणाऱ्या कामांसाठीच ती योग्य ठरते. प्रत्येक साधनावर विभागाचे व प्रकल्पाचे नाव नोंदवणे, चाचणीसाठीचे सर्व्हर रात्री बंद ठेवणे आणि खर्चमर्यादेच्या सूचना लावणे हे प्राथमिक उपाय होत.

प्रत्येक उपयोजन क्लाउडमध्ये स्वस्त पडते असे नाही. ड्रॉपबॉक्सने वापरकर्त्यांची बहुतांश विदा अ‍ॅमेझॉनच्या सेवेवरून स्वतःच्या यंत्रणेवर हलवली आणि २०१६ व २०१७ या दोन वर्षांत त्यातून सुमारे ७.५ कोटी डॉलर वाचल्याचे तिच्या २०१८ च्या भागविक्रीच्या कागदपत्रांतून दिसून आले. मागणी स्थिर, प्रचंड आणि आधीच ठाऊक असेल तेथे स्वतःची यंत्रे फायद्याची ठरू शकतात. मागणी चढउताराची असेल तेथे क्लाउडचा लाभ अधिक असतो.

भारतातील स्थिती

मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईतच आपली क्लाउड क्षेत्रे सुरू केली. त्यामुळे विदा देशात ठेवून क्लाउड वापरणे भारतीय संस्थांना सोपे झाले. शासकीय सेवांसाठी केंद्र सरकारचा मेघराज हा उपक्रम आहे.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये देयक व्यवहारांची विदा भारतातच साठवण्याचा आदेश दिला. माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयीचे तिचे एप्रिल २०२३ चे निर्देश त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाले. त्यांत क्लाउड सेवांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. काम बाहेर सोपवल्याने बँकेची जबाबदारी कमी होत नाही, असे त्यांत नमूद आहे. सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांच्या आत कळवणे आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे.

पुरवठादारावरील अवलंबित्व

एखाद्या पुरवठादाराच्या खास सेवांवर उपयोजन बांधले गेल्यास ते दुसरीकडे हलवणे कठीण व खर्चिक होते. कुबरनेटीस यांसारख्या मुक्त स्रोत प्रणालींमुळे ही अडचण काही प्रमाणात कमी होते. तरी विदागार आणि प्रवेशाधिकार यांची मांडणी बहुधा नव्याने करावी लागते. युरोपीय संघाच्या विदा कायद्यातील तरतुदी सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून पुरवठादार बदलताना आकारले जाणारे शुल्क जानेवारी २०२७ पासून त्यानुसार संपुष्टात येणार आहे. करार करतानाच तो संपवण्याची रीत, विदा परत मिळण्याचे स्वरूप आणि तिची मुदत निश्चित करणे हा क्लाउड परिचालनाचाच भाग मानला जातो.